वक्र पट्टीवरील धातूचें जडावकाम

गिटारच्या मानेवरील ज्या काळसर लाकडी पट्टीवर वादक तारा दाबतो, तिला फिंगरबोर्ड म्हणतात. तींत पितळेचें पान किंवा चांदीची वेल बसविलेली दिसली, म्हणजे ती केवळ शोभा आहे असें वाटतें. परंतु हें काम थोडें जरी बिघडलें, तरी धातूची कड वर राहून तार झणझणते व बोटास इजा होते; आणि एकदां कोरलेलें लाकूड पुन्हा भरून येत नाहीं. म्हणून या कामांतील मर्म आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

मुख्य अडचण वक्रतेची आहे. पोलादी तारांच्या गिटारची पट्टी आडव्या दिशेनें कमानीसारखी असते. कमानीची त्रिज्या १२ इंच, म्हणजे सुमारें ३०५ मिलिमीटर धरूं. जडावाच्या रुंदीचा वर्ग करून त्यास त्रिज्येच्या आठपटीनें भागावें, म्हणजे त्या रुंदींत कमान किती उतरते तें कळतें. ४० मिलिमीटर रुंदीस हा उतार सुमारें ०.६६ मिलिमीटर येतो. १० मिलिमीटर रुंदीस अवघा ०.०४. आतां १ मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा मध्यभागीं लाकडाशीं समतल बसविला, तर रुंद नक्षीच्या दोन्ही कडा वर राहतील, व त्या घासल्यावर तेथें तिसरा हिस्सा जाडीच काय ती उरेल. यावरून नियम निघतो तो असा: नक्षी लहान तुकड्यांची करावी, अथवा पत्रा तापवून मऊ करावा व तितक्याच वक्रतेच्या ठोकळ्यावर आधीं वांकवून घ्यावा.

पडदे बसविण्यापूर्वींच हें काम करावें, व नक्षी पडद्यांच्या खांचांमध्यें येऊं देऊं नये. प्रथम धातू बारीक करवतीनें कापावा. मग तोच तुकडा पट्टीवर ठेवून टोकदार सुईनें त्याची रेघ काढावी, आणि रेघेच्या आंत कोरावें. खांच धातूस मिळवावी, धातू खांचेंत कोंबूं नये. बीदरच्या बिदरी कामांत जस्त व तांब्याच्या मिश्रधातूंत चांदीची तार ठोकून पक्की करितात. लाकडांत तसें ठोकलें तर तें चिरतें. येथें धातूची खालची बाजू खरखरीत करून इपॉक्सीनें चिकटवावें, व फटींत त्याच लाकडाचा भुसा भरावा.

आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत हवा फार दमट असते. दमट हवेंत लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनें फुगतें, लांबीच्या दिशेनें जवळजवळ नाहीं. धातू तर ओलाव्यानें मुळींच फुगत नाहीं. यास्तव आडव्या रुंद तुकड्यांपेक्षां लांबट, अरुंद तुकडे अधिक टिकतात. शेवटीं अंतर्वक्र ठोकळ्यावर घासकागद लावून, पट्टीच्या लांबीच्या दिशेनें सावकाश घासावें. घाई केल्यास धातू तापून चिकटद्रव्य सुटतें.

तारापूरजवळील चिंचणीच्या परिसरांत दागिन्यांचे ठसे, म्हणजे डाय, हातानें कोरणारे कारागीर आहेत. केंसाएवढी रेघ धातूंत उतरविणें हा त्यांचा नित्याचा अभ्यास. मिरजेस एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांनीं सतारी व तंबोरे घडविण्यास आरंभ केला, आणि २०२४ सालीं त्या वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. धातूवर बसलेला हात लाकडासहि वश होतो, याचा हा दाखला होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्याच्या घरीं कोरणी आहे व ज्याच्या मनांत संगीत आहे, त्यानें भंगारांतील शिसवी फळीचा एक तुकडा घ्यावा, त्यास कमान द्यावी, आणि १० मिलिमीटरचें एक पितळी पान तींत बसवून पाहावें. बोट फिरविलें असतां कड लागली नाहीं, म्हणजे मगच वाद्यास हात घालावा.