मागितलेला राजीनामा आणि मिळालेला राजीनामा : डॉमिनिक कमिंग्ज प्रकरणातील लोकप्रतिक्रिया

प्रस्तावना

संसदीय लोकशाहीत मंत्र्याने राजीनामा कोणत्या प्रसंगी द्यावा, याविषयी लिखित कायदा नसला तरी रूढ संकेत आहेत. खात्यात घडलेल्या चुकीचे उत्तरदायित्व मंत्र्याचे, हा त्यांपैकी प्रमुख संकेत होय. ब्रिटनमधील १९५४ चे क्रिचेल डाउन प्रकरण आणि त्यात शेतीमंत्री सर टॉमस डग्डेल यांनी दिलेला राजीनामा हे उदाहरण राज्यशास्त्राच्या व लोकप्रशासनाच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. भारतात मुंदडा प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या आयोगाने हाच संकेत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना लागू केला आणि १९५८ साली त्यांना पद सोडावे लागले. परंतु जो मंत्री नाही, खासदार नाही, कोणत्याही मतदारसंघाला बांधील नाही आणि तरीही सत्तेच्या केंद्रस्थानी आहे, अशा राजकीय सल्लागाराच्या राजीनाम्याचे काय? तो कोणाकडे मागावयाचा? आणि तो मिळाल्यावर लोकांना समाधान का वाटत नाही? ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे प्रमुख सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये पद सोडले. त्या घटनेवरील लोकप्रतिक्रियेच्या आधारे या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विशेष सल्लागार : एक अधांतरी पद

ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या १९६४ च्या सरकारात मंत्र्यांनी आपल्या विश्वासातील तज्ज्ञ बाहेरून आणण्यास आरंभ केला आणि १९७४ नंतर ही पद्धत रुळली. विशेष सल्लागार हा तांत्रिकदृष्ट्या तात्पुरता सनदी नोकर असतो. त्याचे वेतन सरकारी तिजोरीतून दिले जाते, मात्र सनदी नोकरांवर असलेले राजकीय तटस्थतेचे बंधन त्याच्यावर नसते. २०१० च्या घटनात्मक सुधारणा व शासन अधिनियमाने या पदास कायद्याचा आधार दिला. त्याच्या वर्तनाची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या मंत्र्याची, असे संबंधित आचारसंहिता सांगते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष वाटते. व्यवहारात मात्र उलटेच घडलेले दिसते. सल्लागारापायी मंत्र्यालाच पद सोडावे लागल्याची उदाहरणे ठळक आहेत. मार्गारेट थॅचर आपले आर्थिक सल्लागार सर ॲलन वॉल्टर्स यांना दूर करावयास तयार नव्हत्या, म्हणून २६ ऑक्टोबर १९८९ रोजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी राजीनामा दिला. (वॉल्टर्सही त्याच दिवशी पायउतार झाले, हा भाग वेगळा.) फेब्रुवारी २०२० मध्ये अर्थमंत्री साजिद जाविद यांना आपले सर्व सल्लागार काढून टाकण्याची अट घालण्यात आली. ती नाकारून ते बाहेर पडले. या अटीमागे कमिंग्ज असल्याचे त्या वेळी सर्वत्र मानले गेले.

कमिंग्ज यांची ख्याती तोवर पक्की झालेली होती. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने झालेल्या अधिकृत मोहिमेचे ते सूत्रधार होते. नियंत्रण पुन्हा आपल्या हाती घेण्याची त्या मोहिमेची घोषणा ब्रिटिश राजकारणात निर्णायक ठरली. संसदीय समितीसमोर साक्ष देण्यास नकार दिल्याबद्दल मार्च २०१९ मध्ये ते संसदेच्या अवमानास पात्र ठरले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत ते पंतप्रधानांच्या कार्यालयात दाखल झाले. सनदी सेवा आळसावलेली आहे, तिच्यात गणिती व वैज्ञानिक दृष्टीची माणसे नाहीत, ही त्यांची टीका सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. जोखमीच्या संशोधनास पैसा पुरविणारी जी सरकारी संस्था २०२३ मध्ये कार्यरत झाली, तिची कल्पना त्यांनीच लावून धरली होती. त्यांच्या चाहत्यांना ते साचलेले पाणी वाहते करणारे वाटत, तर विरोधकांना संसदेची पत्रास न ठेवणारे.

मे २०२० : मागितलेला राजीनामा

२३ मार्च २०२० रोजी ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली. घरी राहा, असा आदेश होता आणि घरात कोणास लक्षणे दिसल्यास साऱ्या कुटुंबाने बाहेर पडू नये, असे सांगण्यात आले होते. पत्नीला आजाराची लक्षणे जाणवत असताना २७ मार्चच्या रात्री कमिंग्ज पत्नी व लहान मुलासह मोटारीने लंडनहून सुमारे ४२० किलोमीटरवरील डरहॅम येथे आपल्या वडिलांच्या शेतावरील घरी गेले. १२ एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, ते कुटुंबासह बार्नार्ड कॅसल या गावी जाऊन आले. ‘द गार्डियन’ व ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रांनी २२ मे रोजी डरहॅमच्या प्रवासाचे वृत्त दिले. त्या दिवसापर्यंत देशात नोंदविलेल्या कोविड मृत्यूंची संख्या ३६ हजारांवर गेली होती.

तोवर अशा प्रसंगी काय व्हावे, याचा एक पायंडा पडलेला होता. दुसऱ्या घरी गेल्याचे उघडकीस येताच स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरीन कॅल्डरवुड यांनी ५ एप्रिलला राजीनामा दिला. एका भेटीगाठीच्या प्रकरणावरून साथरोगतज्ज्ञ नील फर्ग्युसन यांनी ५ मे रोजी सरकारी सल्लागार गटातून अंग काढून घेतले. कमिंग्ज यांनी मात्र २५ मे रोजी १०, डाउनिंग स्ट्रीटच्या मागील बागेत पत्रकार परिषद घेऊन आपली कैफियत मांडली. सल्लागाराने सरकारी वास्तूत अशी पत्रकार परिषद घेणे हीच मुळात अभूतपूर्व गोष्ट होती. आपण आणि पत्नी दोघेही आजारी पडलो तर मुलाला कोण पाहील, या चिंतेने आपण गेलो; बार्नार्ड कॅसलची फेरी ही दृष्टी नीट आहे की नाही, लंडनपर्यंत मोटार चालविता येईल की नाही, हे अजमावण्यासाठी होती, असे त्यांनी सांगितले. झाल्या प्रकाराचा आपल्याला पश्चात्ताप नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले.

दृष्टी तपासण्यासाठी मोटार चालविण्याचा हा खुलासा हास्यास्पद ठरला. त्यावर विनोदांचे पीक आले आणि एका मद्यनिर्मात्या कंपनीने तर त्या नावाची बिअरच बाजारात आणली. परंतु या हास्याखाली जो संताप होता, त्याचे कारण अधिक खोल होते. आदल्या दिवशी पंतप्रधानांनी कमिंग्ज यांची पाठराखण करताना, त्यांनी प्रत्येक पित्याच्या ठायी असणाऱ्या सहजप्रेरणेनुसार वर्तन केले, असा युक्तिवाद केला होता. हा युक्तिवादच लोकांच्या वर्मी लागला. घरात लहान मूल आणि दोघेही आजारी, ही स्थिती देशातील असंख्य कुटुंबांची होती. ती कुटुंबे घरीच राहिली होती. कित्येकांना आईवडिलांच्या अंत्यसंस्काराला जाता आले नव्हते. नियम मोडणारा प्रेमळ पिता ठरत असेल, तर नियम पाळणारे कोण ठरले? आपल्या त्यागास मूर्खपणाचे प्रमाणपत्र मिळाल्याची ही भावना होती. पक्षभेदाच्या चौकटीत ती बसत नव्हती. म्हणूनच ‘डेली मेल’सारखे हुजूर पक्षाचे पाठीराखे दैनिकही कमिंग्ज यांच्यावर तुटून पडले आणि इंग्लंडच्या चर्चमधील अनेक बिशपांनी उघड टीका केली. खासदारांकडे मतदारांच्या ईमेलचा पाऊस पडला. खुद्द सत्तारूढ पक्षाच्या चाळीसहून अधिक खासदारांनी कमिंग्ज यांनी जावे, अशी मागणी केली.

यूगव्ह या संस्थेच्या २६ मे रोजीच्या चाचणीत ७१ टक्के लोकांनी कमिंग्ज यांनी नियम मोडल्याचे मत दिले आणि ५९ टक्के लोकांना त्यांचा राजीनामा हवा होता. हुजूर पक्षाची मजूर पक्षावरील आघाडी एका आठवड्यात १५ गुणांवरून ६ वर घसरली. त्याच दिवशी स्कॉटलंड खात्याचे कनिष्ठ मंत्री डग्लस रॉस यांनी राजीनामा दिला. सरकारचा आदेश पाळून आप्तांचा अखेरचा निरोपही घेऊ न शकलेल्या मतदारांना, तुमची चूक झाली आणि सल्लागाराचे बरोबर होते, असे आपण सांगू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे लोकांनी राजीनामा मागितला सल्लागाराचा आणि दिला तो मंत्र्याने! डग्डेल यांच्या परंपरेची याहून विचित्र परिणती कल्पिणे कठीण आहे. डरहॅम पोलिसांनी २८ मे रोजी निष्कर्ष जाहीर केला : डरहॅमला जाऊन राहण्यात गुन्हा नाही, बार्नार्ड कॅसलच्या फेरीत नियमाचा किरकोळ भंग झाला असण्याची शक्यता आहे, पुढील कारवाई केली जाणार नाही.

या प्रतिक्रियेचे मोजमाप पुढे ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ४० हजारांहून अधिक व्यक्तींकडून वेळोवेळी माहिती घेतली होती. २२ मेनंतर इंग्लंडमध्ये, साथ हाताळण्याच्या बाबतीत, सरकारवरील विश्वास स्पष्टपणे घटल्याचे त्यातून दिसले. स्कॉटलंड व वेल्समधील लोकांचा आपापल्या सरकारांवरील विश्वास तसा ढळला नाही. एका व्यक्तीच्या वर्तनाचा परिणाम तिच्या प्रतिमेपुरता न राहता सार्वजनिक आरोग्याच्या आवाहनांपर्यंत कसा पोहोचतो, हे यातून ध्यानात येते.

नोव्हेंबर २०२० : मिळालेला राजीनामा

सहा महिन्यांनी कमिंग्ज गेले ते याहून सर्वस्वी भिन्न कारणाने. पंतप्रधान कार्यालयातील त्यांचे सहकारी व संपर्कप्रमुख ली केन यांना बढती देण्याचा बेत अंतर्गत विरोधामुळे फसला आणि ११ नोव्हेंबरला केन यांनी राजीनामा जाहीर केला. पाठोपाठ कमिंग्ज वर्षअखेरीस जाणार, असे वृत्त आले. प्रत्यक्षात १३ नोव्हेंबरच्या संध्याकाळीच ते हातात पुठ्ठ्याचे खोके घेऊन पंतप्रधान निवासाच्या पुढील दाराने बाहेर पडले. मागील दाराची सोय असताना छायाचित्रकारांसमोरून जाण्याचा हा मार्ग त्यांनी अजाणता निवडला असेल, यावर विश्वास ठेवणे अवघड आहे.

या घटनेवरील प्रतिक्रियांचा सूर मेमधील सुराशी ताडून पाहण्यासारखा आहे. हुजूर पक्षाच्या मागील बाकांवरील खासदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सर बर्नार्ड जेंकिन यांच्यासारख्या ज्येष्ठ सदस्याने सरकारला आपली कार्यपद्धती नव्याने मांडण्याची ही संधी असल्याचे म्हटले. विरोधकांनी साथ ऐन भरात असताना चाललेल्या दरबारी भांडणावर बोट ठेवले. इंग्लंड त्या वेळी दुसऱ्या टाळेबंदीत होते. ब्रेक्झिटच्या समर्थकांपैकी काहींना, व्यापारकराराची बोलणी अखेरच्या टप्प्यात असताना आपला सेनापती गेला, अशी हळहळ वाटली. वृत्तपत्रांतून कोण जिंकले, कोण हरले, पंतप्रधानांच्या वाग्दत्त वधूचे वजन किती, याच्या कहाण्या रंगल्या. परंतु ज्यांनी मेमध्ये संतापाने पत्रे लिहिली होती, त्यांना या साऱ्यात स्थान नव्हते. जाण्याच्या कारणांत डरहॅमचा उल्लेखही नव्हता, मग क्षमायाचना कोठून असणार?

लोकांनी मेमध्ये मागितलेली गोष्ट ही नव्हे. त्यांना कबुली हवी होती. नियम सर्वांना सारखा आहे, असे सत्तेने मान्य करावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती आणि राजीनामा हे त्या कबुलीचे रूप होते. मर्जी गेल्यामुळे झालेले निर्गमन ही राजदरबारातील घटना असते. मंत्र्याला निदान सभागृहात उभे राहून निवेदन करावे लागते. सल्लागाराच्या बाबतीत तसे व्यासपीठच नाही. टोनी ब्लेअर यांचे प्रसिद्धीप्रमुख ॲलस्टर कॅम्पबेल यांनी २९ ऑगस्ट २००३ रोजी पद सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हाही शास्त्रज्ञ डॉ. डेव्हिड केली यांच्या मृत्यूची चौकशी लॉर्ड हटन यांच्यापुढे चालू होती आणि राजीनाम्याचे कारण मात्र कौटुंबिक सांगितले गेले. लोकांच्या मनातील कारण आणि जाहीर झालेले कारण यांत त्याही वेळी अंतर राहिले होते.

उत्तरकांड

पद सोडल्यावर कमिंग्ज यांनी पूर्वी नाकारलेली गोष्ट केली. २६ मे २०२१ रोजी संसदेच्या दोन समित्यांच्या संयुक्त बैठकीपुढे त्यांनी सुमारे सात तास साक्ष दिली. ज्यांना मरण येण्याचे कारण नव्हते असे हजारो लोक मरण पावले, असे सांगून त्यांनी स्वतःच्या अपयशाबद्दल क्षमा मागितली आणि जॉन्सन हे पदास अपात्र असल्याचे मत दिले. वर्षभरापूर्वी त्यांचा एक शब्दही खरा न मानणारे टीकाकार आता जॉन्सन यांच्याविरुद्ध त्यांचेच शब्द पुराव्यादाखल उद्धृत करू लागले. याला सोयीस्कर विस्मरण म्हणता येईल. परंतु लोकांचा खरा वाद प्रथमपासून नेमणाऱ्याशीच होता, असाही त्याचा अर्थ लागतो.

त्या वादाची दुसरी फेरी टाळेबंदीच्या काळात डाउनिंग स्ट्रीटमध्ये झालेल्या मेजवान्या उघडकीस आल्यावर सुरू झाली. २० मे २०२० रोजी तेथील बागेत एक मद्यपानाचा कार्यक्रम झाला होता, याला जानेवारी २०२२ मध्ये कमिंग्ज यांनीच जाहीरपणे वाचा फोडली. स्यू ग्रे यांच्या चौकशी अहवालानुसार त्याचे निमंत्रण सुमारे २०० जणांना गेले होते आणि तीस-चाळीस जण हजर होते. बाग तीच होती, जेथे पाच दिवसांनी कमिंग्ज यांनी आपली कैफियत मांडली. लंडन पोलिसांनी या सर्व मेजवान्यांबद्दल मिळून ८३ व्यक्तींना १२६ दंड केले. पंतप्रधान जॉन्सन यांचाही त्यांत समावेश होता. ७ जुलै २०२२ रोजी त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले, पण त्याचेही तात्कालिक कारण निराळेच, एका पक्षप्रतोदाच्या वर्तनाचे, होते. ब्रिटनच्या कोविड चौकशी आयोगाने नोव्हेंबर २०२५ मधील आपल्या अहवालात त्या काळच्या पंतप्रधान कार्यालयातील विषारी व गोंधळाच्या वातावरणावर ठपका ठेवला. त्यात कमिंग्ज यांचे नाव आहे, आणि ते वातावरण आवरण्यात कमी पडलेले पंतप्रधान म्हणून जॉन्सन यांचेही.