रहाट, साखळी आणि आपलं मशीन डिझाइन

विंडलास हा शब्द मला इंग्रजी पुस्तकांतून माहीत होता. त्याला मराठीत सरळ 'रहाट' म्हणतात हे मामांनी सांगितलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचे परिणाम, दुसरं काय! विहिरीचा रहाट पोहरा वर ओढतो, बोटीच्या पुढच्या टोकाला बसवलेला रहाट नांगर वर ओढतो. तत्त्व तेच.

मामा कोकणात 12 मीटरच्या एका खासगी बोटीवर तांडेल आहेत. पावसाळ्याआधी बोट वर काढली की रहाट उघडतात. दोन सुट्ट्या मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि जाणवलं की आपला अर्धा सिलॅबस या एका यंत्रात भरलाय.

आधी रचना बघू. बॅटरीवर चालणारी मोटर, तिला वर्म गिअरबॉक्स, त्याच्या शाफ्टवर खाचांचं चाक, म्हणजे जिप्सी. साखळीच्या कड्या या खाचांत बसतात. जिप्सी आणि शाफ्ट यांच्यामध्ये कोन क्लच. तो सैल केला की जिप्सी मोकळी फिरते आणि नांगर स्वतःच्या वजनाने खाली जातो.

पहिला नियम: हात लावण्याआधी ब्रेकर बंद. मामांच्या उजव्या तर्जनीचं पेर नाही. साखळी साफ करत असताना दुसऱ्या कोणाचा तरी पाय डेकवरच्या बटणावर पडला होता. यंत्राला बोट आणि कडी यातला फरक कळत नाही. त्यामुळे ते ब्रेकर स्वतः बंद करतात, दुसऱ्याला सांगत नाहीत.

मग जिप्सी काढायची. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, जुनं ग्रीस पुसून काढायचं आणि शाफ्टवर पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस लावायचं. बॉडी ॲल्युमिनियमची आणि शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा असेल तर खाऱ्या पाण्यात त्याची बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतलं गॅल्व्हानिक करोजन ते हेच!

गिअरबॉक्सचं तेल बघा. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी आत शिरलंय. नुसतं तेल बदलून भागणार नाही, ऑइल सील बदलायला हवं.

आता ॲडजस्टमेंट. क्लच किती आवळायचा? सैल राहिला तर साखळी ओढताना जिप्सी घसरते. गच्च आवळला आणि नांगर खडकात अडकला, तर सगळा ताण गिअरवर आणि शाफ्टवर जातो. म्हणून नांगर वर येईल इतका घट्ट, पण अडकला तर घसरेल इतपतच. हा क्लच म्हणजे रहाटाचा यांत्रिक फ्यूज. कोनवर ग्रीसचा हलका हात पुरे.

साखळी उड्या मारत असेल तर मोटरला दोष देऊ नका, पिच मोजा. पिच म्हणजे एका कडीची आतली लांबी. 10 मिमी साखळी दोन स्टँडर्डमध्ये मिळते: डीआयएन 766 मध्ये पिच 28 मिमी, आयएसओ 4565 मध्ये 30 मिमी. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात. पण पाच कड्यांत 10 मिमीचा फरक पडतो आणि कडी खाचेत बसतच नाही. नांगर सोडताना अशी साखळी निसटली तर ती हाताने थांबवता येत नाही.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी एक गणित. 12 व्होल्टवर 1000 वॉटची मोटर सुमारे 83 अँपिअर घेते. बॅटरी मागे, रहाट पुढे, म्हणजे जाऊन-येऊन 20 मीटर केबल धरा. तांब्याची 10 चौरस मिमी केबल वापरली तर जवळपास 2.9 व्होल्ट वाटेतच जातात. 35 चौरस मिमी घेतली तर 0.8 व्होल्ट. 'मोटर गेली' म्हणून जी तक्रार येते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा बारीक केबल किंवा गंजलेलं टर्मिनल असतं. मोटर खोलण्याआधी लोडवर असताना तिच्या टोकांवरचा व्होल्टेज मोजा. टर्मिनल घासून साफ करा.

शेवटी वापराबद्दल. रहाट नांगर उचलण्यासाठी आहे, बोट ओढण्यासाठी नाही. 10 मिमी साखळीचं वजन मीटरला साधारण 2.3 किलो. 15 मीटर पाण्यात साखळीचे 35 किलो आणि नांगराचे 20 धरले तर 55 किलोच होतात. पण वाऱ्यात अख्खी बोट रहाटाने ओढायला गेलात तर ताण कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून आधी इंजिनाने बोट हळू पुढे न्यायची, साखळी ढिली झाली की मगच बटण दाबायचं. नांगरावर उभं असतानाही ताण रहाटावर ठेवायचा नाही. साखळीला हुक लावून नायलॉनचा दोर डेकवरच्या खुंट्याला बांधायचा. नायलॉन ताणला जातो, लाटेचा झटका पचवतो.

आणि साखळीचं आतलं टोक बोटीला दोरानेच बांधा, तोही डेकपर्यंत येईल एवढा लांब. वादळात नांगर निघेना आणि बोट खडकांकडे सरकायला लागली तर तो दोर सुरीने कापून मोकळं होता येतं. नांगर पुन्हा विकत मिळतो.