बागेच्या आधी पाणी

जूचंद्रच्या चंडिका देवीच्या डोंगरावरून खाली पाहिले की जमिनीचा कल लगेच ध्यानात येतो. उतारावरचे पावसाचे पाणी सखल भागाकडे आणि पुढे मिठागरे, खाडी यांच्याकडे धाव घेते. आता या पट्ट्यात भराव पडला आहे, इमारती उठल्या आहेत. जुलै २०१८मध्ये वसई परिसरात पाणी तुंबले, मिठागरांत माणसे अडकली, लोकल बंद पडल्या.

पाणी कुठून येईल, कुठे थांबेल, कुठे जिरेल, हे इमारतीच्या नकाशाआधी कुणीतरी पाहायला हवे. ते पाहणारा माणूस म्हणजे लँडस्केप आर्किटेक्ट. आपल्या घरांत हा शब्द निघाला की ‘‘म्हणजे माळीच ना?’’ असे विचारले जाते. माळीकाम हलके नाही, पण हे काम वेगळे आहे. जमिनीचे चढउतार मोजायचे, माती तपासायची, जुनी झाडे नोंदवायची. दुपारी सावली कुठे पडते, मुले कुठे खेळतील, संध्याकाळी बायका निर्धास्त कुठे चालतील, हेही त्याच नकाशात येते. खाऱ्या जमिनीत नर्सरीतली शोभेची रोपे वर्षभरात मान टाकतात. तिथे करंज, उंडी तग धरतात. पार्किंगच्या छतावर बाग करायची, तर ओल्या मातीचे वजन स्लॅबला पेलेल का, हेही आधी पाहावे लागते.

ही विद्या आपल्याला परकी नाही. मलिक अंबरने औरंगाबादला जमिनीखालून नहर आणली, ती सतराव्या शतकात. त्याच शहरातल्या बीबी का मकबऱ्याची चारबाग पाण्याच्या पाटांभोवती आखलेली आहे. आपल्या काळातले मोठे नाव मोहम्मद शहीर यांचे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये त्यांनी अनेक वर्षे शिकवले. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारच्या सुंदर नर्सरीचा आराखडा त्यांचाच. २०१८मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, पण ते २०१५मध्येच वारले होते.

शिक्षणाची वाट लांब आहे, हे पालकांनी आधीच ओळखावे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, मग ‘नाटा’ परीक्षा, पाच वर्षांचे बी.आर्क. आणि त्यानंतर लँडस्केपमधले दोन वर्षांचे एम.आर्क. पुण्यात मुलींसाठीच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. सात वर्षांचा खर्च सामान्य घराला जड जातो, म्हणून शिष्यवृत्तीची चौकशी दहावीनंतरच सुरू केलेली बरी. पुढे काम मिळते ते सल्लागार कार्यालयांत, बिल्डरांकडे, पालिकांच्या प्रकल्पांत. उन्हात, चिखलात साइटवर उभे राहावे लागते. फक्त संगणकावर भागत नाही.

जूचंद्र रांगोळी कलाकारांचे गाव म्हणून ओळखले जाते. तसा हात आणि नजर घरातल्या मुलाला किंवा मुलीला असेल, तर येत्या जूनमध्ये एक काम सांगा. पहिल्या मोठ्या पावसानंतर छत्री घेऊन सोसायटीभोवती एक फेरी मारायची आणि पाणी कुठे साचते, कुठून वाहते, याचा कागदावर नकाशा काढायचा. दुसऱ्या पावसात तो दुरुस्त करायला ते स्वतःहून बाहेर पडतात का, ते पाहा.