वस्तूंचे दप्तर राखणारी विद्या

वस्तू जमविण्याची हौस राजेरजवाड्यांना सर्वकाळी होती. परंतु जमविलेल्या वस्तूंचा चोख हिशेब ठेवावा, त्यांची प्रकृती सांभाळावी आणि ज्या रयतेच्या करातून वा ज्या भूमीच्या उदरातून त्या आल्या त्या रयतेसमोर त्या अर्थासह मांडाव्यात, ही एक स्वतंत्र जबाबदारी असून ती पेलण्यासाठी रीतसर शिक्षण घ्यावे लागते, हा विचार आपल्या विद्यापीठांच्या उंबरठ्यापर्यंत पोचण्यास १९५२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला. विश्वविद्यालय स्थापन होऊन तेव्हा तीनच वर्षे लोटली होती. या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण देणारा भारतातील हा पहिला विभाग. कलकत्ता विद्यापीठाने त्याचा कित्ता गिरविला तो १९५९ मध्ये.

हा मान मुंबई वा दिल्लीला न मिळता बडोद्याला मिळाला, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक म्हणून गादीवर आलेल्या सयाजीरावांची वृत्तीच अशी होती, की संस्था काढायची तर ती चालविणारी माणसेही तयार करायची. ग्रंथालयांचे जाळे विणावयाचे मनात येताच त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांस पाचारण केले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग बडोद्यात भरू लागला. सयाजीबागेत, ज्यास जुने बडोदेकर कमाटीबागच म्हणत आले, रॉबर्ट चिझम यांच्या आराखड्यानुसार उभारलेली संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. शेजारचे चित्रदालन १९१४ च्या सुमारास बांधून झाले. पण त्यासाठी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाने युरोपात निवडून ठेवलेली चित्रे महायुद्धामुळे अडकून पडली आणि दालनाचे दरवाजे उघडण्यास १९२१ साल लागले.

या संग्रहालयाचे वैशिष्ट्य, आणि काटेकोर पंडितांच्या मते त्याचे वैगुण्यही, म्हणजे त्याचा सर्वसंग्राहकपणा. इजिप्तमधील ममी, मोगल लघुचित्रे, युरोपीय तैलचित्रे, आणि १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा ७० फुटांहून लांब सांगाडा, हे सारे एका छपराखाली नांदते. मला स्वतःला मात्र हा गोंधळ शिक्षणाच्या दृष्टीने मोठा उपकारक वाटतो. अस्थी, धातू, ताडपत्र, रेशीम आणि तैलरंग यांच्या प्रकृती इतक्या भिन्न, की त्या सर्वांची एकत्र शुश्रूषा करावयास शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे पुढे कोणताही संग्रह आला तरी तो गांगरणार नाही.

अशा शिक्षणाची गरजही उघड दिसत होती. १९३६ मध्ये मार्कहॅम आणि हार्ग्रीव्ह्ज यांनी हिंदुस्थानातील १०५ संग्रहालयांची पाहणी करून जो अहवाल सादर केला, त्यात प्रशिक्षित सेवकवर्गाची वाण ठळकपणे उमटली होती. संग्रहालयाचा कारभार बहुधा अशा अंमलदाराकडे असे, ज्याचे खरे काम दुसरेच काही होते. बडोद्यात हेर्मान गोएट्स या जर्मन कलेतिहासकाराने १९४०च्या दशकात संग्रहालयास संशोधनाची शिस्त लावली, त्यानंतर व्ही. एल. देवकर आणि पुढे विभागात प्रा. व्ही. एच. बेडेकर या मंडळींनी ती परंपरा अध्यापनात आणली. आरंभीच्या पदविकेला कालांतराने पदव्युत्तर पदवीचे रूप आले.

बाहेरच्या माणसाची समजूत अशी असते, की येथे मुख्यतः कला शिकवीत असतील. कलेचा इतिहास अभ्यासक्रमात आहेच. परंतु या विद्येचा पाया रसिकतेपेक्षा दप्तरात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. संग्रहालयात वस्तू आली, की सर्वप्रथम ती दाखल नोंदवहीत रुजू व्हावयास हवी: कोठून आली, कोणी दिली, विकत की देणगी की उत्खनन, लांबी-रुंदी-वजन किती, कोठे तडा, कोठे जोड. मग तिला क्रमांक. रूढ पद्धतीत त्याचे तीन भाग असतात. पहिला वर्षाचा, दुसरा त्या वर्षी आलेल्या गटाचा, तिसरा गटातील त्या एका नगाचा. तो क्रमांक वस्तूवर घालावयाचा तोही थेट शाईने नव्हे, तर आधी पारदर्शक रेझिनचा पातळ लेप, त्यावर अक्षरे आणि वरून पुन्हा लेप, जेणेकरून पन्नास वर्षांनी कोणास तो पुसावासा वाटलाच तर मूळ वस्तूस ओरखडाही उमटू नये. कापडावर लेपही नको. तेथे फितीवर क्रमांक लिहून ती फीत दोन टाक्यांनी अडकवावयाची. हे काम कारकुनी आहे, कंटाळवाणे आहे, आणि यात आळस करणाऱ्याने कितीही सुंदर व्याख्यान दिले तरी तो संग्रहालयाच्या कामाचा नव्हे.

याचे महत्त्व पटवून देण्यास बडोद्यात दूर जावे लागत नाही. १९५१ मध्ये, म्हणजे विभाग सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, विश्वामित्रीकाठच्या अकोटा येथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. उमाकांत प्रेमानंद शहा यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सापडल्याचे स्थान ज्ञात, काही मूर्तींवर लेख कोरलेले. एवढ्या आधारावर पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंतची पश्चिम भारतातील धातुशिल्पाची सलग परंपरा उभी करता आली. याच मूर्ती एकेक करून दलालांच्या हाती लागत्या, तर जगभरच्या दिवाणखान्यांत त्या 'प्राचीन जैन प्रतिमा' एवढ्याच मोघम नावाने विराजमान झाल्या असत्या. सौंदर्य तेच राहते, पण त्यांची साक्ष बाद होती.

जतनाचा भाग रसायनशास्त्राचा. देवघरातील पितळी देव चिंच लावून लख्ख घासण्याची आपली रीत भक्तीच्या दृष्टीने योग्यच. संग्रहालयात मात्र ती अपराध ठरते, कारण मूर्तीवरील हिरवट-काळसर थर हा मळ नसून तिच्या शतकांच्या वास्तव्याचा दस्तऐवज असतो. उलट त्याच थरात फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसू लागले, तर ते दुखणे समजावे: धातूत मुरलेली क्लोराइडे दमट हवेशी संगनमत करून मूर्ती आतून पोखरतात. विद्यार्थ्याने हा भेद नजरेने ओळखावयास शिकले पाहिजे. अशा मूर्तीस कोरडी हवा हवी, पण त्याच हवेत लाकूड तडकते आणि हस्तिदंत चिरते. म्हणून प्रत्येक कपाटाचे हवामान निराळे राखणे आले, आणि गुजरातेतील आषाढ-श्रावणात ते राखणे ही परीक्षाच. प्रकाशाचे तसेच. लघुचित्र किंवा रेशमी वस्त्र यांवर ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये, तैलचित्रास २०० पर्यंत चालतो, असा सर्वसाधारण दंडक आहे. दालन अंधारे असल्याची तक्रार करणाऱ्या प्रेक्षकास हे कोणी समजावून सांगत नाही, हा दोष प्रेक्षकाचा नाही. प्रकाशाने उडालेला रंग कोणत्याही प्रयोगशाळेत परत येत नाही.

मांडणी आणि वस्तूजवळची माहितीची पाटी यांविषयी एवढेच म्हणेन, की उत्तम पाटी लिहिणे हे प्रबंध लिहिण्याहून कठीण आहे. उभ्या माणसाने, सोबत मूल असताना, अर्ध्या मिनिटात वाचून वस्तूकडे पुन्हा पाहावे, इतके नेमके लिहिण्यास विद्वत्तेपेक्षा संयम लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यासारखे नियमही शिकावे लागतात. त्यानुसार शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितास मात्र पंचाहत्तर वर्षे पुरतात.

आज हे शिक्षण बडोद्यापुरते उरलेले नाही. दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालयाच्या आश्रयाने १९८९ मध्ये संस्था उभी राहिली. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही पदव्युत्तर पदविका देते. पुण्याच्या सी-डॅकने घडविलेल्या 'जतन' या संगणकप्रणालीत राष्ट्रीय स्तरावरील संग्रहालयांच्या नोंदी चढविल्या जात आहेत. पण संगणकाला जे पुरवावे तेच तो सांभाळतो. जुन्या नोंदवहीत 'दगडी मूर्ती, एक, भग्न' एवढेच खरडलेले असेल, तर पडद्यावरही तेवढेच उमटते, आणि मग कोणास तरी कोठारात उतरून, हातमोजे चढवून, ती मूर्ती पुन्हा मोजावी लागते. त्या कामासाठी मंजूर असलेली अभिरक्षकांची पदे अनेक शासकीय संग्रहालयांत दीर्घकाळ रिक्त राहतात, आणि विभागातून तयार होऊन निघालेली तरुण मंडळी खाजगी कलादालनांकडे वा लिलावगृहांकडे वळतात. त्यांना त्याबद्दल बोल लावण्याचा अधिकार, ती पदे न भरणाऱ्या खात्यांना तरी नाही.