शत्रूची शाबासकी

युद्धस्मारकावर शब्द कोरायचे ते सहसा आपल्याच माणसांचे. पण ईशान्य फ्रान्समध्ये सेदाँ शहराला लागून फ्ल्वँ नावाचं गाव आहे, आणि तिथल्या घोडेस्वारांच्या स्मारकाचं नाव चक्क शत्रूच्या तोंडून आलेलं आहे!

१ सप्टेंबर १८७०, फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध. फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनची फौज सेदाँच्या खोलगट भागात कोंडली गेली होती आणि भोवतालच्या उंचवट्यांवरून शत्रूच्या, क्रुप कारखान्यातल्या पोलादी तोफा आग ओकत होत्या. आपण मुताच्या भांड्यात बसलो आहोत, असं फ्रेंच जनरल द्युक्रो आदल्या दिवशीच म्हणाला होता. (पुढचं वाक्य छापण्याजोगं नाही.) वेढा फोडायला त्याने घोडदळ काढलं. घोडदळाचा जनरल मार्गरीत मैदान निरखायला पुढे गेला, तोच गोळी त्याच्या गालांतून आरपार गेली. बोलता येईना, म्हणून त्याने नुसता हात शत्रूच्या दिशेने केला. अल्जीरियात मुरलेले त्याचे स्वार भरधाव उतारावर सुटले.

हे धाडस आत्मघातकी का होतं, ते बंदुकीकडे पाहिलं की कळतं. जुनी बंदूक नळीच्या तोंडातून ठासायची. शिपाई उभ्याने ठासणी करेपर्यंत घोडा अंगावर येई. प्रशियाची ड्रायझ बंदूक मागून भरत, तीही जमिनीवर पडल्या पडल्या. घोडा पोचण्याआधी एकेका शिपायाच्या कितीतरी गोळ्या सुटत. एकामागून एक हल्ले मोडले. आणखी एकदा जमेल का, असं द्युक्रोने विचारलं, तेव्हा जनरल गालिफेने सांगितलं म्हणतात, की शेवटचा स्वार उरेपर्यंत हवं तितक्यांदा.

पलीकडच्या टेकडीवरून प्रशियाचा राजा विल्हेल्म हे पाहत होता. सोबत त्याचा पंतप्रधान बिस्मार्क, सरसेनानी मोल्टके आणि पाहुणा म्हणून आलेला अमेरिकी सेनापती शेरिडन. हा तर स्वतः घोडदळ गाजवलेला गडी. ‘काय शूर माणसं ही!’ असं राजा उद्गारला, अशी आख्यायिका आहे. त्याच शब्दांवरून फ्ल्वँला ‘शूरांचं स्मारक’ उभं राहिलं.

वेढा काही फुटला नाही. दुसऱ्याच दिवशी सम्राटाची फौज शरण गेली, आणि मार्गरीत ६ सप्टेंबरला बेल्जियममध्ये वारला.

माझ्या मते ही शाबासकी फ्रान्सला महागात पडली. स्वारांचं शौर्य सगळ्यांच्या तोंडी राहिलं, बंदुकीने शिकवलेला धडा मात्र अर्धाच गळी उतरला. १९१४च्या ऑगस्टमध्ये मशीनगनच्या युद्धाला निघालेल्या फ्रेंच क्युरासिए स्वारांच्या छातीवर अजूनही पोलादी चिलखत होतं.