मुंबईचा धूर आणि आपला जमाखर्च

मुंबई हे आपल्यापैकी अनेकांच्या खरेदी-विक्रीचे केंद्र. तेथील धूर समुद्राचा वारा वाहून नेतो, ही जुनी समजूत अर्धीच खरी होय. हिवाळ्यात तो वारा मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते आणि कारखाने, भट्ट्या, वाहने व बांधकामे यांचा धूर-धुरळा शहरावरच साचून राहतो. त्यातील अडीच मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीहून कितीतरी सूक्ष्म असल्याने थेट फुप्फुसांत खोलवर उतरतात. भारतीय मानकाप्रमाणे त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती मर्यादा ५ सांगितली.

धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबईत १९१२ सालीच कायदा झाला होता. तरीही जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयास लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधन स्वीकारण्याचा आदेश द्यावा लागला. इंधन बदलण्याचा खर्च आपल्या वहीत दिसतो. शेजाऱ्याच्या फुप्फुसांत गेलेला धूर कोणत्याच वहीत चढत नाही. तो खर्चही व्यापारी बंधूंनी स्वतःच्याच नावे मांडावा, अशी आमची नम्र विनंती आहे.