नीट ऐका, वेळीच बोला, प्रकृती सांभाळा

पित्त होते, झोप लागत नाही, सकाळी उठल्यापासून डोके जड असते, अशा तक्रारी घेऊन येणारे चाळिशी-पन्नाशीतले रुग्ण आम्हा डॉक्टरांना रोज भेटतात. तपासण्यांत पुष्कळदा विशेष काही सापडत नाही. जरा बोलते केले की कारण हळूच बाहेर येते. कुणाचे साहेबांशी पटत नाही, कुणाचा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी सहा महिने अबोला आहे, तर कुणाला दुकानात थोरल्या भावाकडे हिशेब मागण्याचे धाडस होत नाही. काम अवघड नसते, माणसे अवघड वाटतात.

नोकरी-धंद्यात यश मिळवायला शिक्षण हवे, कष्ट हवेत, असे आपण मुलांना सांगतो. माणसांशी कसे वागावे, हा मात्र उपजत गुण मानतो. हा समज चुकीचा आहे. सायकल चालवण्यासारखीच ही सवयीने येणारी गोष्ट आहे. यातल्या तीन सवयी कामालाही उपयोगी आहेत आणि प्रकृतीलाही.

पहिली सवय : पूर्ण ऐकून घेणे

याबाबत आमचा व्यवसायही मागेच आहे. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. बहुतेकांचे सांगणे अपुरेच राहिले. यात धोका आहे, कारण महत्त्वाची गोष्ट रुग्ण बरेचदा शेवटी, दाराशी उभा राहून सांगतो : "आणि हो डॉक्टर, जिना चढताना छातीत भरल्यासारखं होतं."

कचेरीत आणि दुकानातही हेच घडते. समोरचा बोलत असताना आपण उत्तराची जुळवाजुळव करत असतो, नाहीतर मोबाईल पाहत असतो. त्याचे बोलणे संपल्यावर मनात तीन आकडे मोजा आणि मगच तोंड उघडा. निम्मे वाद तिथेच मिटतील.

दुसरी सवय : ऐकलेले परत सांगणे

रेल्वेत जिथे गाडीची परवानगी फोनवर दिली जाते, तिथे पुढचा स्टेशनमास्तर नुसते "पाठवा" म्हणून थांबत नाही. तो एक खाजगी क्रमांक देतो आणि तो रजिस्टरात लिहिला जातो. 'मला वाटलं तुम्ही तसं म्हणालात' याला तिथे जागाच नाही. डॉक्टरानेही गोळ्या लिहून दिल्यावर रुग्णाला विचारावे, "आता सांगा, कोणती गोळी केव्हा घ्यायची?" साहेबांनी काम सांगितले की आपणही म्हणावे, "म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत, तीन प्रती, बरोबर?" यात कमीपणा नाही. पुढची बोलणी मात्र टळतात.

तिसरी सवय : वेळीच बोलणे

भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. भिडेपोटी 'हो' म्हणायचे, रात्री जागून काम उरकायचे आणि राग घरच्यांवर काढायचा, हे चक्र अनेक घरांत चालू असते. नकार देण्यासाठी भांडावे लागत नाही. "साहेब, हे करतो, पण मग कालचं काम उद्यावर जाईल. आधी कोणतं करू?" इतके शांतपणे विचारले तरी पुरते.

चूक दिसली तर तीही सांगावी, पण चारचौघांत नव्हे, आणि माणसाबद्दल नव्हे तर कामाबद्दल. "तुम्ही नेहमी असंच करता" याने समोरचा दुखावतो. "या बिलावर तारीख राहिली आहे" याने बिल दुरुस्त होते.

बोलण्याला किती मोल आहे, ते शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी कळते. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या तपासणी-यादीनुसार, चीर देण्यापूर्वी डॉक्टर, भूलतज्ज्ञ, परिचारिका असे सगळे आपले नाव आणि काम सांगतात, रुग्ण आणि शस्त्रक्रिया यांची खात्री करतात, संभाव्य अडचणी बोलून दाखवतात. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते. हे एकट्या ओळख करून देण्याचे श्रेय नव्हे, यादीत इतरही बाबी आहेत. पण जिने एकदा आपले नाव सांगितले आहे, त्या परिचारिकेला "सर, थांबा" म्हणणे सोपे जाते, हे ध्यानात घ्यावे.

वरिष्ठांनीही वाचावे

ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा १९६७ पासून दीर्घकाळ अभ्यास झाला. सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब यांनी हा फरक पूर्ण उलगडत नव्हता. आपल्या कामात आपल्याला काही विचारले जात नाही, या स्थितीचाही हृदयविकाराशी संबंध पुढच्या अभ्यासात दिसला. म्हणून हाताखालच्या माणसाला "तुला काय वाटतं?" असे विचारणे हा केवळ चांगुलपणा नव्हे.

गोड वागणुकीने सगळे सुटते, असेही नाही. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडला. तिथे कामाचे तासच कमी करायला हवेत.

आणखी एक सूचना. छातीत दुखणे, दम लागणे, डावा हात भरून येणे यांना 'टेन्शन' किंवा 'गॅस' म्हणून घरी बसू नका. ताबडतोब डॉक्टर गाठा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तरीही डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

ज्याच्याशी अबोला आहे अशा एकाच सहकाऱ्याला या आठवड्यात कामाचा एखादा साधा प्रश्न विचारून पाहा, आणि त्याचे उत्तर मध्ये न तोडता ऐका. औषधांच्या यादीत हे नाही, पण घेऊन पाहायला हरकत नाही.